मोजावे की चालावे? टेक्सास टू-स्टेपच्या पहिल्या पावलांवरून एक वाद

टेक्सास टू-स्टेप हा जोडीने, सबंध फ्लोअरभर फिरत करायचा नाच आहे. त्याचे मूळ आवर्तन चार पावलांचे: दोन जलद, दोन संथ. शिकवताना 'क्विक-क्विक-स्लो-स्लो' असे म्हणतात. क्विकला गाण्याचा एक ठोका मिळतो, स्लोला दोन; म्हणजे चार पावलांना सहा ठोके लागतात. जोडीला नेणारा तो लीड. तो डाव्या पायाने पुढे निघतो. त्याच्या साथीने जाणारी ती फॉलो. ती त्याच वेळी उजवा पाय मागे टाकते. लीड पुरुष आणि फॉलो बाई ही जुनी रीत. आता बऱ्याच ठिकाणी कोणीही कोणतीही बाजू घेते. इथे सोयीपुरती जुनी रीतच ठेवली आहे.

नियम म्हणून एवढेच. वाद आहे तो शिकण्याच्या रीतीचा. ही पावले मोजून शिकावीत की गाण्यावर चालता चालता पायांत मुरू द्यावीत?

वादाची मुळे या नाचाच्या इतिहासातच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसले. त्यांच्या नेमबाजीच्या, गाण्याच्या, परस्परसाहाय्याच्या मंडळांनी गावोगाव लाकडी हॉल बांधले. तिथे पोल्का, वॉल्ट्झ आणि शॉटिश चालत. न्यू ब्राउनफेल्समधला ग्रीन हॉल १८७८ सालचा आहे आणि आजही चालू आहे. अशा ठिकाणी घरची सगळी मंडळी येत, लहान मुले कडेला गोधडीवर झोपत, आणि जरा मोठी झाली की फ्लोअरवर ओढली जात. 'टू-स्टेप' हे नाव १८९० च्या दशकात मार्चच्या संगीतावर होणाऱ्या एका वेगळ्याच नाचाला होते. अमेरिकन संगीतकार सूसाचा 'द वॉशिंग्टन पोस्ट' हा १८८९ चा मार्च त्यासाठी गाजला. आजच्या पावलांचे जवळचे नाते मात्र १९१४ च्या सुमारास पसरलेल्या फॉक्सट्रॉटशी दिसते. त्यातला एक प्रचलित क्रम स्लो-स्लो-क्विक-क्विक असा आहे. चक्र तेच, फक्त सुरुवात दुसरीकडून. पुढे बॉब विल्ससारख्या वादकांच्या वेस्टर्न स्विंगने या चालीला खास टेक्सासचे संगीत दिले.

१९८० मध्ये 'अर्बन काउबॉय' हा चित्रपट आला. तो ह्यूस्टनजवळच्या पॅसडिना गावातल्या गिलीज या क्लबाभोवती घडतो. त्यानंतर ज्यांच्या घरात कोणी कधी टू-स्टेप केला नव्हता अशी शहरी माणसे हजारोंनी बूट विकत घेऊन क्लबांत शिरली. त्यांना आजी-आजोबांनी शिकवलेले नव्हते, त्यामुळे वर्ग लागले. बँड सुरू होण्याआधी नवख्यांची शिकवणी घेण्याची पद्धत आज सर्रास आहे.

पुढच्या संवादातल्या शिक्षिका अशी शिकवणी घेणाऱ्या आहेत. त्यांच्यासमोरचे आजोबा हॉलमध्येच वाढलेले. दोघेही कल्पित आहेत. त्यांची मते मात्र कोणत्याही फ्लोअरच्या कडेला ऐकू येतील अशी.

शिक्षिका: "नवख्याला आधी मोजणी दिली नाही, तर तो प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकतो. गाणं एक-दोन-तीन-चार चाललेलं असतं, तोही तसाच चालत सुटतो. त्याला स्लो आपोआप सापडत नाही."

आजोबा: "सापडतो, मॅम. आम्हाला कोणी आकडे शिकवले नाहीत. मोठ्या माणसाचा हात धरला, दोन-चार गाणी धडपडलो, मग पाय लागले. तुमच्या वर्गातून येणारी पोरं बघा. ओठ हलत असतात. गाणं कोणतं चाललंय विचारा, सांगता येत नाही."

शिक्षिका: "ओठ हलतात ते पहिल्या महिन्यात. त्याआधी गुडघे आदळतात, ते चालतं का?"

या पहिल्या चकमकीत दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. का, ते कळायला गाण्याचा ठेका उलगडून पाहावा लागतो. कंट्री संगीत बहुतेक चार-चार मात्रांत बांधलेले असते, आणि पाऊल मात्र सहा मात्रांचे. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर केरवा वाजतो आहे आणि त्यावर कोणी सहाच्या आवर्तनाने चालतो आहे. दोन्हींची सम दर वेळी एकत्र येणार नाही, हे उघड आहे. पावलांची दोन आवर्तने झाली की बारा मात्रा होतात आणि चारचे तीन गट पुरे होतात. तेव्हा कुठे पाऊल आणि गाणे पुन्हा एका जागी भेटतात. कागदावर हे गुंतागुंतीचे वाटते, आणि नवखा गोंधळतो तोही इथेच.

प्रत्यक्षात पाय गोंधळत नाहीत, त्याला कारण आहे. या गाण्यांत बेस पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर वाजतो, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर ड्रमचा चटका बसतो. पहिला क्विक पहिल्या ठोक्यावर, म्हणजे बेसवर येतो. दुसरा क्विक चटक्यावर. पहिला स्लो तिसऱ्या ठोक्यावर, पुन्हा बेसवर. दुसरा स्लो पुढच्या गटाच्या पहिल्या ठोक्यावर, तोही बेसवर. पुढचे आवर्तन तिसऱ्या ठोक्यावर सुरू होते, पण तिथेही बेसच असतो आणि सारा क्रम तसाच्या तसा पडतो. चारांतली तीन पावले कायम बेसवर राहतात. एकटा दुसरा क्विक तेवढा चटक्यावर.

आजोबा: "मीही तेच म्हणतोय. बेस ऐका, पाय त्याच्यावर ठेवा."

शिक्षिका: "बेस ऐकला तर तीन पावलं मिळतील. चौथं कुठून आणाल? बेसवर चालणारा माणूस नुसता स्लो-स्लो-स्लो-स्लो चालतो. मधला तो एक चटका पकडायचा आहे हे त्याला कोणीतरी सांगायलाच हवं. मोजणी त्या एका पावलासाठी आहे."

हा मुद्दा शिक्षिकांच्या पारड्यात जातो. कानाला जे सहज मिळते ते मोजण्याची गरज नसते. जे मिळत नाही तेवढे मोजावे लागते. मात्र मोजणीलाही मर्यादा आहे, आणि ती वेगाची. टू-स्टेपची पुष्कळ गाणी मिनिटाला १६० ते २०० ठोक्यांच्या दरम्यान चालतात. १८० चे गाणे घेतले तर एक ठोका म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग, आणि सबंध आवर्तन दोन सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात आकडे म्हणणे, पाय आठवणे आणि समोरून येणारी जोडी चुकवणे हे तिन्ही एकदम होत नाही. म्हणून चांगली शिकवणी आधी गाण्याशिवाय, मग संथ गाण्यावर आणि शेवटी बँडच्या वेगाने, अशी चढत जाते.

पावलांच्या रूपाविषयी दोघांत फारसा वाद नाही, पण भर वेगळ्या ठिकाणी आहे.

आजोबा: "नाच समजून पाय उचलला की बिघडलं. हे चालणं आहे. गुडघे सैल, पाय जमिनीलगत. डोक्यावरची हॅट वरखाली होता कामा नये. उसळी हवी असेल तर पोल्का आहे की."

शिक्षिका: "चालणं आहे हे कबूल. पण चालताना माणूस स्लोवर थांबत नाही, आणि नवखा थांबतो."

स्लो म्हणजे थांबणे नव्हे. नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते, म्हणून ही जागा जवळून पाहण्यासारखी आहे. स्लोचे पाऊल त्याच्या पहिल्या ठोक्यावर पडते. दुसऱ्या ठोक्यात अंगाचा सगळा भार त्या पायावर येतो आणि मोकळा झालेला पाय त्याच्याजवळून पुढे निघायला लागतो. म्हणजे दुसऱ्या ठोक्यातही शरीर चालूच असते, फक्त नवे पाऊल पडत नाही. नवखा पहिल्या ठोक्यावर पाऊल टाकून तिथेच उभा राहतो. मग रिकाम्या ठोक्यात काय करावे हे न सुचल्याने मोकळा पाय शेजारी टेकवतो, आणि टेकवता टेकवता त्यावर भारही देऊन बसतो. झाले, पुढचा पाय चुकीचा. काही जुन्या शैलींत हा पाय मुद्दाम टेकवतात, पण तो नुसता स्पर्श असतो, भार न देता. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक पावलानंतर दुसरा पाय विनासायास उचलता आला पाहिजे. उचलता येत नसेल तर भार दोन्ही पायांत वाटला गेला आहे. आपण पुढच्या वेळी कोणत्या पायाने निघणार हे मग नाचणाऱ्यालाही माहीत नसते.

याचा सराव एकट्याने होतो आणि तसाच व्हावा. भिंतीला समांतर लांब चालत जायचे: क्विकची पावले आखूड, स्लोची लांब. फॉलोने हेच उलट, मागे चालत करायचे. मागचे पाऊल कमरेपासून लांबवायचे, आधी चवडा टेकवायचा आणि भार सरकला की टाच खाली घ्यायची. गुडघ्यातून पाय मागे दुमडला की लीडच्या नडगीला बूट लागतो. या चुकीची आठवण दुसऱ्या दिवशीही राहते.

खरा मतभेद जोडी जुळल्यावर सुरू होतो. बंद पकडीत लीडचा उजवा हात फॉलोच्या डाव्या खांद्यामागच्या पात्यावर असतो, तिचा डावा हात त्याच्या दंडावर किंवा खांद्यावर, आणि मोकळे हात एकमेकांत. दोघे नाकासमोर नाक उभे राहत नाहीत. प्रत्येक जण किंचित आपल्या डावीकडे सरकतो, म्हणजे प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांमधल्या जागेकडे येतो आणि गुडघ्यांना वाट मिळते. कोपर गळू द्यायचे नाही आणि आवळायचेही नाही. हात मऊ पडले की लीड चालतो आणि फॉलोला ते उशिरा कळते. हात ताठ झाले की ती ढकलली जाते. लीडने हाताने ढकलायचे नसते. आपली छाती पुढे न्यायची असते. हात फक्त ती खबर पोचवतात. या सगळ्याला मिळून फ्रेम म्हणतात.

आजोबा: "फ्रेम नीट असेल तर मोजणी लागतच नाही. मी निघालो की तिला कळतं. मी थांबलो की कळतं. मग आकडे कशाला?"

शिक्षिका: "कारण ती मागे चालते आहे. तुम्हाला समोरचा फ्लोअर दिसतो. तिला तुमचा खांदा दिसतो. तुम्ही एक स्लो लांबवलात, दुसरा आखडलात, तर तुमचं काही बिघडत नाही. पाय तिचा चेंगरतो. मोजणी गाण्यासाठी आहे असं तुम्ही धरून चालला आहात. ती तिच्यासाठी आहे."

वादातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणावी लागेल. एकटा माणूस गाण्यावर कसाही चालला तरी तो नाचच राहतो. दोघे एकत्र आणि त्यांतली एक न पाहता मागे जात असेल, तर पुढचे पाऊल कधी पडणार हे तिला आधीच माहीत असणे ही सुरक्षिततेची बाब होते. दिशा तिला फ्रेममधून कळते. कधी, हे मात्र ठरलेल्या आवर्तनातून कळते. चुकलेला लीड सावरू पाहतो तेव्हा बहुधा गाण्याकडे धावतो आणि मध्येच एखादे पाऊल घुसडून बेस गाठतो. याहून बरा उपाय म्हणजे गाणे क्षणभर सोडून देणे, क्विक-क्विक-स्लो-स्लो तसेच चालू ठेवणे, आणि सावकाश पुढच्या बेसवर नव्याने निघणे. ठोका चुकलेली जोडी कडेच्या लोकांच्या लक्षातही येत नाही. क्रम चुकलेली जोडी आपटते.

आजोबांनी यावर थोडी माघार घेतली, पण सगळी नाही.

आजोबा: "एक सांगतो. आमच्या आजीनं आकडे कधी सांगितले नाहीत हे खरं. पण तिची बोटं माझ्या खांद्यावर टिचक्या देत असायची. टिक-टिक, टाक, टाक. मी चुकलो की बोटं थांबायची."

शिक्षिका: "म्हणजे मोजणी होतीच. ज्याला अशी आजी मिळाली नाही त्याला मी तोंडानं देते, एवढाच फरक."

आजोबा: "एवढाच नाही. आजी जाणती होती. तुम्ही दोन नवखे एकमेकांच्या गळ्यात बांधता. त्याला नेता येत नाही, तिला जाता येत नाही, आणि दोघं मिळून आकडे म्हणतात. हॉलमध्ये नवखा नेहमी जाणत्याच्या हातात असायचा."

हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. वर्गाची मोठी उणीव हीच. ती भरून काढायला वर्गात जोडीदार बदलतात: लोक गोलात उभे राहतात आणि दर थोड्या वेळाने एका बाजूचे सगळे एक-एक जागा पुढे सरकतात. ठरलेल्या जोडीने आलेल्यांना हे आवडत नाही, आणि त्यांची प्रगती त्यामुळेच रखडते. नवरा-बायको एकमेकांच्या चुका इतक्या लवकर ओळखू लागतात की पुढे काय होणार याचा अंदाज बांधून चालतात. नेणे आणि जाणे दोन्ही शिकायचे राहून जाते. अनोळखी जोडीदारापुढे अंदाज चालत नाही. तरीही फिरत्या वर्गात जाणते कमीच येतात, आणि एखाद्या मुरलेल्या नाचणाऱ्याबरोबरचे एक गाणे वर्गातल्या अर्ध्या तासाइतके देऊन जाते. या बाबतीत आजोबांचा हॉल वरचढ आहे.

याउलट, निघण्याची रीत वर्गात नीट शिकवतात आणि हॉलमध्ये कोणी सांगत नाही. गाणे सुरू झाल्याबरोबर धाव घ्यायची नसते. लीडने फ्रेम जुळवून दोघांचा भार एका बाजूकडून दुसरीकडे हलकेच डोलवायचा. आपला भार उजव्या पायावर येईल तेव्हा तिचा डाव्यावर येतो, म्हणजे दोघांचेही निघायचे पाय मोकळे होतात. मग बेसच्या ठोक्यावर निघायचे. या डोलण्याने कोणता पाय आणि कोणता वेग हे दोन्ही न बोलता ठरतात. आजोबांच्या मते हे सगळे आपोआप होते. होतही असेल, पण ज्यांना जमते त्यांचेच.

फ्लोअरचे नियम थोडे आहेत. रहदारी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, देवळातल्या प्रदक्षिणेच्या नेमकी विरुद्ध. बाहेरची लेन वेगाने जाणाऱ्यांची, आतली सावकाश जाणाऱ्यांची. अगदी मध्यभाग लाइन डान्स किंवा जागच्या जागी नाचणाऱ्यांचा. बाहेरच्या लेनमध्ये थांबून शिकवणे, भांडणे किंवा पेला हातात घेऊन उभे राहणे असभ्य समजतात. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, दोघांनी माफी मागून पुढे जावे. मागून येणाऱ्याला वाट हवी असेल तर आत सरकावे. यावर दोघांचे एकमत आहे.

पायातल्या जोड्यांवरही दोघांचे एकमत आहे. चामडी तळ सरकतो, रबरी तळ लाकडाला धरतो, आणि धरलेल्या तळावर वळले की गुडघ्याला पीळ बसतो. काउबॉय बूट शोभेपेक्षा या कारणासाठी बरे. जुन्या हॉलमध्ये फ्लोअर सरकता व्हावा म्हणून मक्याचे पीठ भुरभुरवीत. आता त्यासाठी मेणाचा भुगा मिळतो.

वळण कधी शिकवावे, हा शेवटचा आणि न सुटलेला प्रश्न. हाताखालून फॉलोला एक फेरी देणे ही या नाचाची पहिली नक्षी, आणि पैसे भरून आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच संध्याकाळी हवी असते.

आजोबा: "ज्याला सरळ फ्लोअरची एक फेरी मारता येत नाही, त्याला वळण कशाला? माझ्या वेळी लोक अख्खी संध्याकाळ सरळ चालायचे, आणि बायका खूश असायच्या."

शिक्षिका: "वळण दिलं नाही तर पुढच्या आठवड्याला माणूस येत नाही. शिवाय वळणात चूक लगेच उघडी पडते. वळताना पावलं तीच असतात, क्रम तोच असतो. ज्याचा क्रम कच्चा आहे त्याचे पाय हात वर जाताच थिजतात. मला तेच दाखवायचं असतं."

दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, पण एक तपशील शिक्षिकांच्या घाईविरुद्ध जातो. वळणाची सूचना वळणाच्या आधी द्यावी लागते. लीडने हात उचलला तो ज्या पावलावर फिरायचे त्याच पावलावर, तर १८० च्या गाण्यात फॉलोला दोन तृतीयांश सेकंदही मिळत नाही. ती उशिरा निघते, आणि लीड तिला ओढून वेळ गाठतो. खांदे दुखतात ते अशा ओढण्याने. आधीच्या पावलात हात वर जायला हवा. त्यासाठी आपण आवर्तनात कुठे आहोत हे लीडला न मोजता कळायला हवे, आणि तेवढे कळायला बहुतेकांना पहिली संध्याकाळ पुरत नाही. न बोलता, न मोजता दोन-तीन गाणी सरळ चालता येऊ लागली की वळण घ्यावे, हा मध्यम मार्ग बऱ्याच शिकवण्यांत पाळला जातो.

शिकवणी संपून बँड उभा राहिला की नवख्याने आतल्या लेनमध्ये जावे आणि पहिले गाणे ओळखीचे, मध्यम वेगाचे निवडावे. बँड मधूनमधून वॉल्ट्झ वाजवतो. त्यात बेस दर तीन ठोक्यांतल्या पहिल्यावर येतो आणि टू-स्टेपची पावले त्यावर कशीही बसत नाहीत. ते गाणे बसून ऐकावे, असे शिक्षिका सांगतात. आजोबा म्हणतात, जाणत्या कोणाला तरी विचारावे आणि तेही शिकून घ्यावे.